चोरिसाची कढई

गोव्याच्या ख्रिस्ती घरांत पाहुणा अवेळीं आला, तरी गृहिणी गोंधळत नाहीं. टांगलेली चोरिसाची माळ ती खालीं काढते आणि अर्ध्या तासांत जेवण तयार होतें.

चोरिस म्हणजे डुकराच्या मांसाचें मसालेदार सॉसेज. पोर्तुगीजांनीं १५१० सालीं गोवा घेतला. त्यांच्या या पदार्थास तेथें माडीपासून केलेल्या शिरक्याचा आंबटपणा लाभला. मांसाचे तुकडे मीठ, लाल मिरची, लसूण व शिरका यांत मुरवितात. मग आतड्याच्या नळींत भरून, दोऱ्यानें मण्यांप्रमाणें बांधून, उन्हांत व धुरावर वाळवितात. पावसाळ्याच्या 'पुरुमेंतां'त, म्हणजे बेगमींत, या माळेस मान असतो.

कृति सोपी आहे. आठदहा मण्यांवरील नळी काढून आंतील मांस बिडाच्या पसरट कढईंत घालावें. बटाट्याच्या बारीक फोडी व वाटीभर पाणी घालून झांकण ठेवावें. तेल नको, चरबी आपोआप सुटते, मीठहि नको. मांस वाळलेलें असलें तरी कच्चेंच असतें, म्हणून मंद विस्तवावर वीस मिनिटें तरी शिजवावेंच. पाणी आटल्यावर उभे चिरलेले दोन कांदे त्यांतच परतावे. सोबत पाव पुरतो. उरलेल्यांत भात परतला कीं दुसरें जेवण होतें.

झटपट स्वयंपाकाचें श्रेय कढईस मिळतें. परंतु त्या अर्ध्या तासामागें कोणाचे तरी हात कित्येक दिवस उन्हांत राबलेले असतात. बाजारांत माळेचा भाव करतांना हा हिशेब ध्यानीं असावा.