दोन बोटी, एकच किनारा

(रौप्यमहोत्सवी वर्षात आपल्या सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर केलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे नीटनेटके करून दिले आहे.)



पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा आपल्यापैकी बहुतेकांच्या डोक्यावर गृहकर्ज होतं आणि मुलं कॉलेजात होती. आता कर्ज फिटलं, मुलं आपापल्या वाटेने गेली, आणि कट्ट्यावर विषय असतात तीन: गुडघे, साखर आणि ‘यंदा कुठे?’

कमिटीने मला सांगितलं, नॉर्वेच्या बोटप्रवासावर बोला. पण फोटो तुम्ही ग्रुपवर पाहिलेच आहेत, काहींनी तर दोनदा. म्हणून मी आज बोलणार आहे ते निवडीबद्दल. कारण आम्ही परत आल्यापासून लिफ्टमध्ये, जिन्यात, भाजीच्या गाडीपाशी मला एकच प्रश्न येतो: ‘काका, हुर्टिग्रुटेन बरी की हाविला?’ त्याचं उत्तर एकदाच सगळ्यांसमोर देऊन टाकतो.

आधी ही बोट म्हणजे काय ते समजून घेऊ. क्रूझ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बारा मजली जहाज, कॅसिनो आणि नाचगाणी येतात. त्यातलं इथे काही नाही. माझ्या वयाच्या कोकणातल्या मंडळींना भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी बोट आठवत असेल. रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण करत जाणारी, माणसं, टपाल आणि माल घेऊन. बंदर आलं की पडाव बोटीला येऊन लागायचे. तिचीच ही नॉर्वेतली बहीण समजा, फरक इतकाच की ती अजून चालू आहे आणि बारा महिने चालते. आपली बोट पावसाळ्यात बंद असायची. तिथे गल्फ स्ट्रीमच्या उबदार प्रवाहामुळे एवढ्या उत्तरेलाही समुद्र गोठत नाही.

ही सेवा 1893 साली कॅप्टन रिचर्ड वित या गृहस्थांनी सुरू केली. ‘वेस्टरोलेन’ नावाची आगबोट 2 जुलैला ट्रॉन्डहाइमहून हामरफेस्टकडे निघाली. त्याआधी या दोन गावांमध्ये पत्र पोहोचायला उन्हाळ्यात तीन आठवडे आणि हिवाळ्यात पाच महिनेसुद्धा लागत, असं सांगतात. किनारा खडकाळ, दीपगृहं मोजकी, त्यामुळे रात्री बोट हाकायला कोणी धजत नसे. वित आणि त्यांचे वाटाडे यांनी होकायंत्राची दिशा, वेग आणि वेळ यांच्या नोंदी वर्षानुवर्षं ठेवल्या होत्या, त्या वह्यांच्या भरवशावर ते अंधारात गेले. आयुष्यभर लेजर लिहिलेल्या माणसाला हे वाचून किती बरं वाटलं असेल, ते बँकवाल्यांनाच कळेल. हुर्टिग्रुटेन या शब्दाचा अर्थच ‘जलद मार्ग’.

आज हा मार्ग बर्गेनपासून रशियाच्या सीमेजवळच्या किर्केनेसपर्यंत जातो आणि परत येतो. बंदरं 34, जाऊन-येऊन सुमारे 2,500 सागरी मैल, बारा दिवस आणि अकरा रात्री. नकाशा उघडून बघा, किर्केनेस इस्तंबूलच्याही किंचित पूर्वेला आहे. आपण उत्तरेला जातो म्हणतो, पण तो देश पूर्वेलाही तेवढाच वळलेला आहे.

आता मुद्द्याचं. एकाच मार्गावर दोन कंपन्या का? हा मार्ग नॉर्वे सरकारच्या ठेक्यावर चालतो. 2021 पासूनच्या दहा वर्षांच्या ठेक्यात सरकारने त्याचे दोन भाग केले: सात बोटी हुर्टिग्रुटेनच्या, चार हाविलाच्या. हाविलाची पहिली बोट डिसेंबर 2021 मध्ये निघाली. अकरा रात्रींची फेरी आणि बर्गेनहून रोज एक बोट, म्हणजे अकरा बोटी लागणारच. हिशोब जुळला!

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. बंदरं तीच, वेळापत्रक तेच, डोंगर तेच. आज हुर्टिग्रुटेनची बोट गेली तर उद्या त्याच वेळेला त्याच धक्क्यावर कदाचित हाविलाची असेल. त्यामुळे ‘कुठल्या बोटीतून जास्त दिसतं?’ हा प्रश्नच उरत नाही. एका ट्रॅव्हल एजंटने मला छातीठोकपणे सांगितलं होतं की अमुक कंपनी ‘खास निसर्गरम्य’ मार्गाने जाते. मी त्याच्यासमोर दोन्ही वेळापत्रकं ठेवली. त्याने चहा मागवला.

मग फरक कशात? बँकेत दोन सारखे प्रस्ताव आले की आम्ही तुलनात्मक तक्ता करायचो. तसाच केला.

पहिलं, बोटीचं वय. हाविलाच्या चारही बोटी नव्या, तुर्कस्तानात बांधलेल्या, एकाच नमुन्याच्या. नैसर्गिक वायूवर चालतात आणि बॅटऱ्या इतक्या मोठ्या की सुमारे चार तास इंजिनाच्या आवाजाशिवाय जाऊ शकतात. हुर्टिग्रुटेनच्या बोटी बहुतेक 1990च्या दशकातल्या, नूतनीकरण केलेल्या, काहींना आता बॅटऱ्याही बसवलेल्या. प्रत्येक बोट वेगळी, आणि ज्यांना जुन्या वास्तूत राहायला आवडतं त्यांना ती भावते.

दुसरं, जेवण. हुर्टिग्रुटेनमध्ये सकाळी आणि दुपारी सहसा बुफे असतो, रात्रीचं टेबलावर वाढतात. हाविलाने बुफे ठेवलेलाच नाही, छोट्या छोट्या डिश टेबलावर मागवायच्या. बुफेत शाकाहारी माणसाला डोळ्यांनी बघून घेता येतं, टेबलावर मागवताना रांगेत ताट धरून उभं राहावं लागत नाही. ज्याची जी गरज. शाकाहार मात्र बुकिंग करतानाच लेखी कळवायचा.

तिसरं, पैसे. दोघांचेही दर विमानाच्या तिकिटासारखे रोज हलतात. म्हणून तुलना करताना तारीख तीच, केबिनचा वर्ग तोच आणि जेवण धरून असाच आकडा घ्यायचा. नाहीतर एकाचं मुद्दल आणि दुसऱ्याचं मुद्दल अधिक व्याज यांची तुलना होते. प्रवास रद्द केला तर किती परत मिळतं, हे दराच्या आधी वाचा. सहली वेगळ्या पैशांच्या असतात. इथे टूर पॅकेज घेतलं तर टीसीएस कापला जातो, तो विवरणपत्रात जमा दाखवायला विसरू नका. आणि नॉर्वेत रोख पैसे फारसे कोणी विचारत नाही, कार्डावर परकीय चलनाचं शुल्क किती ते बँकेत विचारून घ्या.

चौथं, नॉर्दर्न लाइट्स, म्हणजे ध्रुवीय प्रकाश. पूर्ण फेरी केली आणि ठरावीक हिवाळी काळात तो एकदाही दिसला नाही, तर पुन्हा एक छोटा प्रवास मोफत, असं वचन दोन्ही कंपन्या देतात. अटी वाचा. मोफत म्हणजे बोट मोफत, मुंबईहून विमान नव्हे.

एवढा तक्ता झाल्यावर मला दिसलं की दोन कंपन्यांत जेवढा फरक आहे त्याच्या कितीतरी पट फरक तारखेने पडतो. उन्हाळ्यात गेलात तर बोट गायरांगरफ्योर्डमध्ये शिरते, नॉर्डकापला मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत सूर्य मावळत नाही, पण मग ध्रुवीय प्रकाश विसरा, आकाशात अंधारच नसतो. नोव्हेंबरअखेर ते जानेवारीच्या मध्यापर्यंत ट्रॉम्सोला सूर्य उगवतच नाही. मार्चमध्ये दिवस-रात्र सारखे आणि सगळीकडे बर्फ. सप्टेंबरअखेर झाडांवर पिवळा-तांबडा रंग, दिवस बऱ्यापैकी मोठा आणि रात्री अंधार. म्हणून आधी महिना ठरवा, मग कंपनी.

आमच्या घरी महिना ठरवला तो गुडघ्याने. सौ.च्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आणि डावा रांगेत उभा. डॉक्टर म्हणाले, हिंडायचं असेल तर येत्या वर्षभरात हिंडून घ्या, पण घसरायचं नाही. माझ्या नोकरीत नऊ बदल्या झाल्या. नऊ वेळा तिने संसार खोक्यांत भरला आणि उलगडला, आणि स्वतःसाठी कधी ‘मला अमुक ठिकाणी ने’ असं म्हटलं नाही. फक्त शाळेच्या भूगोलात वाचलेला तो हिरवा प्रकाश एकदा बघायचा, एवढंच. मुलगा म्हणाला, बाबा, पैसे मी देतो. ती म्हणाली, नको, आपली एफडी आहे ना. ती एफडी तिच्याच नावावर होती.

मार्चच्या बर्फावर घसरायची भीती, म्हणून सप्टेंबरअखेर ठरला. बुफेच्या रांगेत उभं राहायला नको, म्हणून हाविला ठरली. इतकं साधं. आपल्या बी विंगमधले मित्र आणि वहिनी पुढच्या मार्चमध्ये हुर्टिग्रुटेनने गेले. त्यांना वितसाहेबांचा इतिहास हवा होता आणि बर्फही. परत आल्यावर आम्ही दोघांचे फोटो शेजारी ठेवले. बर्फ सोडला तर कुठला फोटो कुठल्या बोटीतून काढलाय हे ओळखता येईना. दोघंही तितकेच खूश.

आपल्या वयाच्या लोकांसाठी मात्र काही गोष्टी दोन्हीकडे सारख्याच आहेत, त्या लिहून ठेवा. या बोटींवर डॉक्टर नसतो. बंदर जवळ असतं, तिथे उतरवतात. औषधं पूर्ण प्रवासाला पुरून वर आठवड्याची जास्त, आणि प्रिस्क्रिप्शन जेनेरिक नावांनी. शेंगेन व्हिसाला किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा लागतोच. त्यात रक्तदाब, मधुमेह लपवू नका, दावा नेमका तिथेच फेटाळला जातो. स्टाड, वेस्टफ्योर्ड आणि होनिंग्सवोगच्या पुढचा समुद्र उघडा आहे, तिथे बोट हलते. म्हणून केबिन मधल्या भागात आणि खालच्या डेकवर घ्यावी. खिडकीसमोर लाइफबोट येत नाही ना, ते डेकच्या नकाशावर बघून घ्यावं. ही मालवाहू बोटसुद्धा आहे, त्यामुळे रात्री दोन वाजताही धक्का लागतो आणि माल चढतो. झोप सावध असेल तर कानात कापूस.

शक्यतो जाऊन-येऊन पूर्ण फेरी करावी. जाताना जी गावं झोपेत जातात ती येताना दिवसाउजेडी भेटतात. स्टोकमार्कनेसला बोटींचं संग्रहालय आहे, काचेच्या इमारतीत अख्खी जुनी बोट ठेवलेली. ते परतीच्या दुपारी बघता येतं. नॉर्डकापचा 307 मीटरचा कडा मात्र जाताना, कारण होनिंग्सवोगला बोट तेव्हाच साडेतीन तास थांबते.

आर्क्टिक वृत्त ओलांडलं त्या सकाळी एका बेटावर लोखंडी पृथ्वीगोल दिसला, आणि मग डेकवर ज्याला हवं त्याच्या मानेवर बर्फाचं पाणी ओततात. सौ.ने दोन वेळा ओतून घेतलं. मी फोटो काढले, म्हणजे कोणीतरी काढायलाच हवे होते.

प्रकाश पहिल्या सहा रात्री दिसला नाही. सातव्या रात्री अकराच्या सुमारास केबिनमधल्या स्पीकरवर सूचना आली. स्वेटर, त्यावर कोट, त्यावर शाल आणि हातात काठी अशी ती माझ्या आधी डेकवर पोहोचली. खरं सांगतो, मोबाइलमध्ये जेवढा हिरवा येतो तेवढा डोळ्यांना दिसत नाही. आधी पांढरट ढगासारखा पट्टा वाटला, मग त्याला कड आली, हिरवी, आणि तो पडद्यासारखा हलायला लागला. दहा-बारा मिनिटं. तिने फोटो काढला नाही. खाली आल्यावर म्हणाली, ‘पुस्तकात चित्र काळं-पांढरं होतं.’

तिचा डावा गुडघाही आता झाला आहे. जिना ती अजून सावकाश चढते, तुम्ही बघताच.

तर मंडळी, पुन्हा लिफ्टमध्ये विचारण्याआधी दोन कागद घ्या. एकावर महिना लिहा, दुसऱ्यावर तुमच्या दोघांपैकी ज्याला जास्त जपायला हवं त्याची गरज लिहा. कंपनीचं नाव त्यातून पाच मिनिटांत निघेल. आणि दोन्ही सारख्याच वाटल्या तर स्वस्त पडेल ती घ्या. दर उतरण्याची वाट बघत बसू नका. आपल्या वयात पुढच्या वर्षीची तब्येत कोणतीही कंपनी राखून ठेवत नाही.

तक्त्याची झेरॉक्स मी सोसायटीच्या ऑफिसात ठेवली आहे. वॉचमनकडे मागा, पण परत आणून द्या, ही बँकेची सवय.

आपल्या सोसायटीला रौप्यमहोत्सवाच्या मनापासून शुभेच्छा.  चहा तयार आहे असं खजिनदारांनी खुणेने सांगितलं आहे, तेव्हा इथेच थांबतो.

(लेखक निवृत्त बँक अधिकारी असून ए विंगमधील सभासद आहेत.)