शंका आहे, पण कोणत्या बाजूची?



संयोजकांनी मला बजावलं होतं, "कॉम्प्युटरवर भाषण नको, सगळ्यांच्या उपयोगाचं काहीतरी बोल." म्हणून मी एका शब्दाबद्दल बोलणार आहे. या शाळेत आपण तो रोज वापरला: शंका.

"बाई, एक शंका आहे," असं आपण म्हणायचो. म्हणजे प्रश्न विचारायचा आहे. "तो वेळेवर येईल याबद्दल मला शंका आहे," म्हणजे तो येईल असं वाटत नाही. आणि "फळा त्यानेच पुसला अशी मला शंका आहे," म्हणजे त्यानेच पुसला असं वाटतं. एकाच शब्दाचे हे तीन अर्थ, आणि त्यातले शेवटचे दोन तर एकमेकांच्या उलट. तरी मराठीत आपली गल्लत होत नाही, कारण 'याबद्दल शंका' की 'अशी शंका' एवढ्यावरून कान अर्थ ओळखतो.

इंग्रजीत हे काम क्रियापदावर सोपवलेलं आहे. 'डाउट' म्हटलं की मनाचा कल 'नाही'कडे. 'सस्पेक्ट' म्हटलं की 'हो'कडे. "आय डाउट इट विल रेन," म्हणजे पाऊस पडेलसं वाटत नाही. "आय सस्पेक्ट इट विल रेन," म्हणजे पडेलसं वाटतं, छत्री घ्या. आणि नुसता प्रश्न असेल तर 'क्वेश्चन'. 'आय हॅव अ डाउट' हे भारतात सगळ्यांना कळतं. पण इंग्लंड-अमेरिकेतल्या माणसाला वाटू शकतं की समोरच्याचा आपल्या म्हणण्यावर विश्वासच नाही.

याने काय बिघडतं? माझ्या टीममध्ये एक हुशार मुलगा आहे, आपल्यासारखाच मराठी माध्यमातला. एका रात्री आमची सिस्टिम बंद पडली. दोष डेटाबेसमध्ये असावा हे त्याने सगळ्यांच्या आधी ओळखलं आणि परदेशातल्या सहकाऱ्यांना लिहिलं, "आय डाउट इट इज द डेटाबेस." त्याच्या मनात होतं, 'डेटाबेसचीच शंका आहे.' त्यांनी वाचलं, 'डेटाबेस नसावा.' दोन तास ते भलतीकडेच शोधत राहिले. दुसऱ्या दिवशीच्या मीटिंगमध्ये त्याला ऐकावं लागलं की तुझा अंदाज चुकला. वास्तविक निदान त्याचंच बरोबर होतं, फक्त क्रियापद उलटं पडलं होतं.

इंग्रजी पक्कं असलं की हा प्रश्न सुटतो असंही नाही. १९५१ साली अमेरिकेच्या गुप्तचर खात्याने एक अहवाल दिला: यंदा युगोस्लाव्हियावर हल्ल्याची 'गंभीर शक्यता' आहे. तो तयार करणाऱ्यांत शर्मन केंट हे इतिहासाचे प्राध्यापक होते. त्यांना एका अधिकाऱ्याने विचारलं, गंभीर म्हणजे किती? केंट म्हणाले, शंभरात पासष्ट. अधिकारी चमकला, कारण त्याने बरंच कमी धरलं होतं. मग केंटनी आपल्याच सहकाऱ्यांना विचारलं. त्याच अहवालावर सहमती दिलेल्या त्या मंडळींची उत्तरं वीसपासून ऐंशीपर्यंत निघाली! पुढे १९६४ साली केंटनी यावर एक लेखच लिहिला. कोणता शब्द म्हणजे शंभरात साधारण किती, हे आधी ठरवून घ्या, असा त्यांचा आग्रह होता.

गंमत म्हणजे अशी एक मोजपट्टी आपल्याकडे घरातच आहे. "तो घरी असणार" म्हणजे जवळजवळ खात्री. "तो घरी असावा" म्हणजे काहीतरी पाहून केलेला तर्क. "तो घरी असेल" म्हणजे असेलही, नसेलही. बाईंनी विध्यर्थ शिकवला तेव्हा आपल्याला तो पाच गुणांचा प्रश्न वाटला होता. मी आज नव्या मुलांना सांगते, इंग्रजी वाक्य लिहिण्याआधी हे तीन शब्द मनात म्हणून बघा. 'असणार' असेल तर 'आय अ‍ॅम ऑलमोस्ट शुअर' लिहा. 'असावा' असेल तर 'आय सस्पेक्ट'. 'असेल' असेल तर 'इट माइट बी'. आणि 'नसावा' असेल तरच 'आय डाउट'.

हे झालं माहिती नसण्याबद्दल. पाऊल न उचलण्याची क्रियापदं वेगळी, आणि ती तर आणखी जपून वापरावीत. 'हेझिटेट' म्हणजे सुरू करण्याआधी थांबणं, थोडं कचरणं. मूळ लॅटिन शब्दात चिकटून बसण्याचा, अडकण्याचा भाव आहे. 'वेव्हर' म्हणजे डळमळणं: ठरवलं होतं, पण आता पाय स्थिर नाही. 'फॉल्टर' म्हणजे चालता चालता किंवा बोलता बोलता अडखळणं. आणि 'डिदर' म्हणजे आपलं 'तळ्यात-मळ्यात'. यात टीका आहे. एखादी सहकारी निर्णयाआधी एक दिवस मागत असेल, तर ती 'हेझिटेट' करते आहे. तिच्या मूल्यमापनात साहेबाने 'डिदर' लिहिलं, तर बढतीच्या वेळी तेवढा एक शब्द आडवा येतो. असे शब्द मी वाचले आहेत आणि बदलायला लावले आहेत.

आपल्या वेळी वर्गात उत्तर येत असेल तरच हात वर व्हायचा. 'नक्की माहीत नाही, पण असं असावं' म्हणायला जागा कमीच होती. आज माझ्या कामात तेच वाक्य सगळ्यात मोलाचं ठरतं. कारण डॉक्टर असो, शेतीचा सल्लागार असो की इंजिनिअर, समोरचा माणूस आपल्या खात्रीच्या प्रमाणात पैसे आणि वेळ पणाला लावतो. ते प्रमाण त्याला नीट सांगणं हे आपलं काम आहे.

इथे आज बरेच जण आईबाबा आहेत, काही जण शिक्षकही झालेत. एवढीच विनंती करते. मूल म्हणालं, "मला शंका आहे," तर त्याला गप्प करू नका आणि लगेच उत्तरही देऊ नका. आधी विचारा, "तुला काय वाटतं? असणार, असावं की असेल?"

सर, बाई, तुम्ही आम्हाला मराठी नीट शिकवलंत, त्याचा मला इंग्रजीत रोज उपयोग होतो. याबद्दल मात्र मला कोणत्याही बाजूची शंका नाही.