गाळलेल्या नोंदीचा हिशेब

(युवक शिबिरात केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. मी हमालाचा पोरगा. २०२१ साली पुण्यात बी.बी.ए. (सी.ए.)ला नाव घातलं, २०२४ साली पास झालो. वस्तीत बोंब झाली, पोरगं सी.ए. होणार! अरे बाबांनो, हे सी.ए. म्हणजे चार्टर्ड अकाउंटंट नव्हे, कॉम्प्युटर ॲप्लिकेशन. पूर्वी पुणे विद्यापीठात ह्यालाच कॉमर्सचं बी.सी.ए. म्हणायचे. अर्धा अभ्यास धंद्याचा, अर्धा कॉम्प्युटरचा. एका हातात खतावणी, दुसऱ्या हातात की-बोर्ड. ह्या दोन्ही गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या हातात होत्या. नोंद त्यांनी करायची, अंगठा आपण उठवायचा.

पहिल्या वर्षी सी भाषा होती. घरात कॉम्प्युटर नाही. मी प्रोग्राम वहीत लिहायचो आणि लॅबमध्ये मिळेल तेवढ्या वेळात चालवून बघायचो. एकदा बापाच्या हमालीचा हिशेब घातला. १२७ पोती, पोत्याला साडेसात रुपये. मशीन म्हणालं, ८८९. बाप भिंतीवर कोळशानं रेघा मारून हिशेब ठेवायचा. तो म्हणाला, "साडेनऊशेच्या वर व्हायला पायजे. तुझं मशीन बी मुकादमावाणी पैसे खातंय की!" बाप बरोबर होता. खरा आकडा ९५२ रुपये ५० पैसे. मी दर 'इंट' धरला होता. इंटमध्ये फक्त पूर्ण आकडा मावतो, अपूर्णांक गळून पडतो. साडेसाताचे सात झाले. मशीननं ना चूक दाखवली ना आवाज केला. मग मी दर पैशात मांडला, ७५० पैसे, तेव्हा हिशेब जुळला.

त्या दिवशी मला कळलं, मशीन निष्पक्ष नसतं. काय धरायचं आणि काय गाळायचं, हे लिहिणारा ठरवतो. लिहिणाऱ्याला पोत्याचं वजन माहीत नसलं की साडेसाताचे सात होतात आणि कुणालाच खटकत नाही.

अकाउंट्समध्ये तेच. प्रत्येक नावेला जमा असते. दोन्ही बाजू जुळल्या की तेरीज जुळली, सगळे खूश. पण सरांनी एक गोष्ट शिकवली ती मी विसरत नाही. एखादा व्यवहार वहीत मुळीच लिहिला नाही, तरी तेरीज जुळतेच! जे पूर्ण गाळलं ते तेरजेत दिसत नाही. मित्रांनो, ह्या देशाची तेरीज अशीच जुळवलेली आहे. आपला घाम वहीत चढलाच नाही, आणि वही मात्र चोख.

मॅनेजमेंटच्या पुस्तकात हेन्री फेयॉल भेटला. १९१६ साली त्यानं १४ तत्त्वं मांडली, पहिलं श्रमविभागणीचं. वर्गात एक जण म्हणाला, आपली गावगाड्याची पद्धत म्हणजे हेच. मी उभा राहिलो. म्हणालो, फेयॉलचा कामगार काम बदलू शकतो. माझ्या आज्ज्याला ती मुभा होती का? हा फरक बाबासाहेबांनी १९३६ सालीच 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये मांडून ठेवलाय. वर्ग गप्प झाला. परीक्षेत मी फेयॉलही लिहिला आणि बाबासाहेबही.

आता जखमेवरची खपली काढतो. माझ्याबरोबर एक मैत्रीण होती. डेटाबेसमध्ये माझ्यापेक्षा हुशार. तिची शिष्यवृत्ती अडकली, कारण बँकखातं आधारला नीट जोडलेलं नव्हतं. कॉलेज म्हणालं, फी भर, नाहीतर फॉर्म नाही. शिष्यवृत्तीला पात्र पोरांकडून प्रवेशाच्या वेळी फी मागू नये, असे शासनाचे आदेश आहेत. आम्हांला ते माहीतच नव्हतं. ती दुसऱ्या वर्षाला गळाली. आज दुकानात बिलं फाडते. आम्ही तिच्याच शेजारी बसून प्रायमरी की शिकत होतो, तिचा फॉर्म मात्र कुणी बघितला नाही. ह्यात मीही गुन्हेगार आहे.

बाबासाहेबांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला. पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९५३ साली मुंबईत सिद्धार्थ कॉमर्स कॉलेज काढलं. हिशेब हे हत्यार आहे, हे त्यांना ठाऊक होतं. आपण मात्र त्यांचे फोटो लावतो आणि हिशेब दुसऱ्याकडे सोपवतो.

म्हणून भाषण पुरे, कामाचं बोलतो. २०२४ पासून ह्या कोर्सला राज्याची सी.ई.टी. लागली. बारावीच्या पोरांना ती तारीख आपण सांगायची. दर रविवारी ह्याच शाळेच्या खोलीत मी दोन जुने कॉम्प्युटर घेऊन बसणार. सकाळी शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायचे, फुकट. दुपारी सी आणि खतावणी शिकायची. एक वही ठेवू. कुणाचा फॉर्म कुठं अडला, कुणी अडवला, तारखेसकट लिहू. ती वही घेऊन समाजकल्याणच्या दारात उभे राहू.

पहिलं नाव त्या मैत्रिणीचं लिहिणार आहे. ती परत येईल का, मला माहीत नाही. पण आता ती नोंद गळणार नाही.

जय भीम!