कणगीतलं धान्य आणि पेरायचं बियाणं

गटाच्या बैठकीत एक प्रश्न हमखास येतो, "ताई, आम्ही दर महिन्याला गटात पैसे भरतोच, मग आणखी गुंतवणूक ती कशाला?" आज त्याविषयीच बोलू.

सुगी झाली की आपण धान्याचे दोन वाटे करतो. एक खायला कणगीत, दुसरा पेरायला बियाणं म्हणून. पैशाचंही तसंच आहे. बचत म्हणजे कणगीतलं धान्य. दवाखाना, खत, शाळेची फी, अशा अडीनडीला ते लगेच हाताशी लागतं. गटातली बचत आणि बँकेच्या खात्यातले पैसे त्यासाठीच. तीन-चार महिन्यांचा घरखर्च भागेल एवढी रक्कम आधी जमवा. ती नसेल तर अडचणीत सावकाराचं दार ठरलेलंच.

पण कणगीतल्या धान्याला कीड लागते, तशी नुसत्या साठवलेल्या पैशाला महागाई लागते. एक सोपं गणित सांगते. ७२ ला व्याजाच्या दराने भागा. साधारण तेवढ्या वर्षांत पैसा दुप्पट होतो. बचत खात्यावर ३ टक्के मिळाले, तर दुप्पट व्हायला २४ वर्षं. महागाई ६ टक्के असली, तर वस्तूंचे भाव १२ वर्षांतच दुप्पट! म्हणजे मुलीच्या शिक्षणाचे पैसे नुसते खात्यात पडून राहिले, तर आकडा वाढेल, पण शिक्षण त्यात बसणार नाही.

म्हणून लांबच्या गरजेसाठी पैसा पेरायचा. मुलगी दहा वर्षांच्या आतली असेल, तर पोस्टात किंवा बँकेत सुकन्या समृद्धी खातं निघतं. वर्षाला कमीत कमी २५० रुपये, १५ वर्षं भरायचे. खात्याला २१ वर्षं झाली की पैसे व्याजासह मिळतात. मुलगी १८ वर्षांची झाल्यावर शिक्षणासाठी निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते. व्याजदर सरकार दर तीन महिन्यांनी ठरवतं. २०२४ मध्ये तो ८.२ टक्के होता. तोच दर टिकला असं धरलं, तर महिना ५०० रुपयांप्रमाणे भरलेल्या ९० हजारांचे पावणेतीन लाखांच्या आसपास होतील.

आणि स्वतःचं म्हातारपण? वय १८ ते ४० असेल, तर अटल पेन्शन योजनेची बँकेत चौकशी करा. म्युच्युअल फंडात पैसा वर-खाली होतो. सात-आठ वर्षं लागणार नाही, असाच पैसा तिथे घाला. कर्ज काढून तर मुळीच गुंतवू नका.

कुणी म्हणालं, "वर्षात दुप्पट करून देतो," तर जरा हिशोब करा. त्याला वर्षाला १०० टक्के व्याज द्यावं लागेल. ते तो आणणार कुठून? अशा माणसाला उंबऱ्याबाहेरूनच रामराम करा.

पुढच्या बैठकीला येताना वहीत एवढंच लिहून आणा: कोणत्या कामाला, किती वर्षांनी, किती पैसे लागतील. वर्षभरात लागणारे बचतीत, दहा-पंधरा वर्षांनी लागणारे गुंतवणुकीत. आणि मैत्रिणींनो, लेकीच्या शिक्षणाचं बियाणं मानपानासाठी दळू नका.