आधी कळले, म्हणून आधी झाले असे नाही
(1 डिसेंबर, जागतिक एड्स दिनानिमित्त मंडळीसमोर केलेले भाषण)



नंदुरबार जिल्ह्यातल्या एका तपासणी केंद्रात मी समुपदेशनाचे काम करते. एच.आय.व्ही.चा अहवाल माणसाला पहिल्यांदा सांगायचा, हे माझे काम.

एच.आय.व्ही. म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे शहरातले, वाईट चालीचे कोणीतरी येते. माझ्यासमोर बसतात ती बहुधा लग्न झालेली, लेकरेबाळे असलेली, कष्टकरी माणसे. मुकादमाची उचल घेऊन दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोडीला जाणारी, होळीला गावी परतणारी. काही आपल्यासारखीच रविवारी उपासनेला येणारी.

यात बाईचे आधी कळते, कारण गरोदरपणात तिची तपासणी होते. पुरुष मात्र क्षयरोग झाला, वजन उतरले, म्हणजे येतो. म्हणून घरात पहिला ठपका तिच्यावर येतो. खरे तर पुष्कळ विवाहित स्त्रियांना हा संसर्ग पतीकडूनच झालेला असतो. आधी कळले, म्हणून आधी झाले असे नाही.

एक चूक माझ्याही हातून घडली. पहिलटकरीण होती. अहवाल सांगितला, गोळ्या समजावल्या आणि "नवऱ्याला घेऊन ये" म्हणून एकटीला घरी पाठवले. ती म्हणाली होती, "ताई, तुम्हीच त्यांना सांगा ना." मी म्हटले, आधी तू सांग. सासरच्यांनी तिला त्याच आठवड्यात माहेरी धाडले. नवरा दोन वर्षांनी आला, क्षयरोग बळावल्यावर. तिने गोळ्या सोडल्या नव्हत्या. तिचे मूल निरोगी आहे. पण ती दोन वर्षे मी तिला परत देऊ शकत नाही. आता बाईची तयारी असेल तर मी दोघांना समोर बसवूनच बोलते.

आशेची गोष्टही सांगते. 2004 पासून सरकारी केंद्रांत या आजाराची औषधे मोफत मिळतात. रोज नेमाने गोळी घेणारा माणूस कामधंदा करून दीर्घकाळ जगतो. रक्तातला विषाणू तपासणीत सापडणार नाही इतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातूनही तो जोडीदाराला लागत नाही. उपचार नसले तर बाधित मातांच्या शंभरातल्या 15 ते 45 बाळांना संसर्ग होतो; उपचाराने हे प्रमाण पाचाच्या खाली येते.

अडते ते दुसरीकडेच. कोपीत दहा जणांदेखत गोळी कशी घ्यायची? तोडीवरून औषधाला यायचे, तर मजुरी बुडते, गाडीभाडे लागते. आपल्या देणगीतून कोणाचे गाडीभाडे भागले, तर ती गोळी चुकत नाही.

तीन गोष्टी मागते. लग्न ठरलेल्या तरुणांना आणि तोडीवरून आलेल्या जोडप्यांना तपासणीला पाठवा. कोणाचे कळले तर ते तुमच्यापाशीच राहू द्या. 2017 चा कायदाही हेच सांगतो. आणि "कसे झाले?" असे विचारू नका.

जन्मांध मनुष्याला पाहून शिष्यांनी पाप कोणाचे, असेच विचारले होते. प्रभूने दोष कोणावर ठेवला नाही. चिखल कालवला आणि त्याच्या डोळ्यांना लावला. आपणही हात पुढे करू या.

प्रभू आपणांस आशीर्वाद देवो. आमेन.