अतिथी काय मागतो?

(श्रावणमासानिमित्त झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

श्रावणी सोमवारी महाराष्ट्रातील असंख्य घरांतून शिवलीलामृताचे वाचन होते. अकरावा अध्याय बहुतेकांच्या नित्यपाठातला आहे. चौदाव्या अध्यायापाशी मात्र वाचणाऱ्याचा स्वर अडखळतो. तेथे श्रियाळ राजा आहे, चांगुणा राणी आहे आणि त्यांचा एकुलता एक चिलया बाळ आहे. मांडीवर नातवंड असेल, तर आजी हा भाग भरभर वाचून पुढे जाते. तरीही कोणी चिमुरडा विचारतोच, "आजी, देव असं का मागतो?" या प्रश्नाला 'वाचताना मध्ये बोलू नये' हे उत्तर नव्हे. प्रश्न मुलाचा असला, तरी तो धर्माच्या गाभ्याला भिडणारा आहे. ज्याला सर्व काही ज्ञात आहे, त्या परमेश्वराने भक्ताची परीक्षा घ्यावी कशासाठी? आणि तीही इतकी कठोर?

कथा सर्वांच्या परिचयाची आहे. श्रियाळाचे अतिथिव्रत अखंड चालले होते. एके दिवशी शंकर अतिथीच्या वेषात दारी येतात आणि अन्न म्हणून पोटच्या पुत्राचे मांस मागतात. मातेने ते स्वहस्ते रांधावे, डोळ्यांत अश्रू आणू नयेत, ही अटही घालतात. चांगुणा मन घट्ट करते. निदान मुख तरी पाहता यावे म्हणून बाळाचे शिर बाजूला ठेवते; अतिथी तेही मागतो. ती शिर उखळात घालून कांडते. पान वाढल्यावर अतिथी म्हणतो, निपुत्रिकाच्या घरी भोजन करीत नाही, मुलाला हाक मारा. आई हाक मारते आणि चिलया धावत येतो.

कथेचा प्रवास

श्रीधरस्वामींनी शिवलीलामृत शके १६४० मध्ये बारामती येथे पूर्ण केले. पण ही कथा त्याहून पुष्कळ जुनी आहे आणि तिने अर्धा भारत पायाखाली घातला आहे. तामिळ भूमीतील त्रेसष्ट नायनमार शिवभक्तांपैकी सिरुत्तोंडर यांचे हे चरित्र. बाराव्या शतकात सेक्किळार यांनी ते 'पेरियपुराणम्' या ग्रंथात विस्ताराने गायिले. सिरुत्तोंडर म्हणजे लहान सेवक. त्यांचे मूळ नाव परंज्योती. पल्लवांचे सेनापती म्हणून वातापी, म्हणजे आजचे बदामी, जिंकणाऱ्या सैन्यात ते होते, असे परंपरा सांगते. तिरुच्चेंकाट्टांगुडी या गावी आजही त्यांच्या स्मरणार्थ उत्सव होतो. तेथील सीराळन् हा आपला चिलया. तेलुगू-कन्नड प्रदेशात सिरियाळ म्हणून आणि मराठीत श्रियाळ म्हणून हा भक्त घराघरांत पोहोचला. भाषा बदलल्या, सेनापतीचा राजा झाला, पण दारी आलेला अतिथी आणि रांधणारे घर तेच राहिले. या देशाची एकात्मता कोणत्याही राजाज्ञेने घडलेली नाही. ती अशा कथांनी विणली आहे.

या प्रवासातच उत्तराचा पहिला धागा सापडतो. रणांगणात मृत्यूला सामोरा गेलेला वीर संसारात एका ठिकाणी हळवा असतो. संपत्ती सोडणे त्याला अवघड नाही, प्राण देणेही अवघड नाही. 'माझा मुलगा' हे दोन शब्द मात्र सुटत नाहीत. परीक्षा नेमकी तेथेच येते. ईश्वराला भक्ताचे अंतःकरण आधीच ठाऊक असते. ठाऊक नसते ते भक्ताला स्वतःला. सोनाराला सोन्याचा कस कळावा म्हणून कसोटीचा दगड लागतो. येथे मात्र सोन्यालाच आपला कस कळायचा असतो. म्हणूनच कथेच्या शेवटी चिलया परत येतो. ईश्वराला बालक नको होते. त्याने मागितले ते ममत्व, आणि परत दिला तो पुत्र.

शंभर गाईंचा सौदा

पण येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. कोणीही उठून देवाच्या नावाने दुसऱ्याचा बळी मागावा, असा या कथेचा अर्थ काढला, तर तो अनर्थ होईल. आपल्या परंपरेने याचा विचार फार प्राचीन काळी केला आहे. ऐतरेय ब्राह्मणात शुनःशेपाची कथा येते. हरिश्चंद्राने वरुणाला पुत्र अर्पण करण्याचे वचन दिले होते. पुत्र रोहित वनात निघून गेला आणि आपल्या जागी बळी म्हणून त्याने अजीगर्ताचा मधला मुलगा शुनःशेप शंभर गाईंना विकत घेतला. मुलाला यूपाला बांधायला कोणी तयार होईना, तेव्हा पित्यानेच आणखी शंभर गाई घेऊन ते काम केले. वध करण्यासाठीही आणखी शंभर गाई मागितल्या. शुनःशेपाने देवतांची स्तुती केली आणि त्याचे पाश गळून पडले. नंतर पिता त्याला परत बोलावू लागला, तेव्हा मुलाने त्याला नाकारले आणि तो विश्वामित्रांचा पुत्र झाला. देवांनी मुलाला सोडवले, आणि परंपरेने अजीगर्ताला कधीही भक्त म्हटले नाही.

श्रियाळ आणि अजीगर्त या दोघांच्या हातून वरवर पाहता एकच कृती घडते. एकाला त्यातून काही मिळवायचे नव्हते, दुसऱ्याला गाई हव्या होत्या. जेथे मोबदला आहे तेथे यज्ञ नाही, सौदा आहे. गुप्तधनासाठी वा संततीसाठी कोवळ्या जिवाचा घात करणारे अघोरी लोक अजीगर्ताचे वारस आहेत. श्रियाळाचे नाव घेण्याचा त्यांना अधिकार नाही. दुसऱ्याच्या नाशासाठी केलेल्या तपाला भगवद्गीतेने सतराव्या अध्यायात तामस म्हटले आहे. महाराष्ट्राने २०१३ साली नरबळी व अघोरी प्रथांविरुद्ध कायदा केला. धर्म जाणणाऱ्याला त्या प्रथांच्या निषेधासाठी कायद्याची वाट पाहण्याचे कारण नव्हते. जो परत देऊ शकतो, त्यालाच मागण्याचा अधिकार. तो अधिकार कोणा मांत्रिकाला नाही, गुरूला नाही आणि नेत्यालाही नाही.

त्यागानंतरची परीक्षा

परीक्षा एकदा उत्तीर्ण झाली म्हणजे संपली, असेही नाही. पाल्कुरिकी सोमनाथाच्या तेलुगू 'बसवपुराणा'त या कथेला पुढचा भाग आहे. आपल्यासारखा भक्त दुसरा नाही, असा अभिमान सिरियाळाला झाला. तेव्हा शिवाने त्याला निम्मव्वा नावाच्या एका स्त्रीच्या घरी नेले. तिची भक्ती पाहून त्याचा अभिमान गळाला. पुत्राचा मोह सुटला, तरी 'मी दिले' हा मोह उरतोच. समाजकार्यात आयुष्य वेचलेल्यांनी ही निम्मव्वा विसरू नये. त्यागाची नोंदवही ठेवणाऱ्याचा त्याग त्या वहीतच जमा होतो.

आणि चांगुणा? राजाने होकार दिला. उखळ-मुसळ तिच्या हाती आले. आपल्या घरांतही बहुधा असेच घडते. व्रत पुरुष घेतो, त्याचा भार स्त्री वाहते. कार्यकर्ता रात्री अवेळी चार जणांना घेऊन येतो, आणि विझलेली चूल पुन्हा पेटते. तिच्या नावाचा सत्कार होत नाही. मराठी मनाने मात्र चांगुणेला न्याय दिला. बायकांच्या ओव्यांत, कीर्तनांत राजापेक्षा तीच अधिक आठवली जाते.

आज कोणाच्याही दारी येऊन ईश्वर असे भोजन मागणार नाही. तो वेगळ्या वेषात येतो. अंथरुणाला खिळलेल्या सासूच्या रूपाने तो वेळ मागतो. महापुरात घर गमावलेल्या अनोळखी कुटुंबाच्या रूपाने तो आपली एक खोली मागतो. कधी अभियंता झालेला मुलगा म्हणतो, "बाबा, दोन वर्षे वनवासी पाड्यावर शिकवायला जातो," आणि त्याच्या विदेशातील नोकरीची स्वप्ने पाहणारे आईबाप गप्प होतात. शिवराय जन्मावेत, पण शेजारच्या घरी, ही मध्यमवर्गाची जुनी प्रार्थना आहे. त्या क्षणी अतिथी दारात उभा असतो. 'माझा' हा शब्द आपण किती घट्ट धरला आहे, एवढेच तो पाहू देतो.

आजीने चौदावा अध्याय भरभर वाचू नये. नातवाला जवळ घेऊन सांगावे: देवाला चिलया नको होता रे, आईने त्याला हाक मारली, तेव्हा तो आलाच ना?