सालामांका आणि मुंबईचा एक वाडा

रे रोडला हार्बरची गाडी धरावी, बोरीबंदरास उतरावें आणि टाऊन हॉलच्या पाठीमागें जावें. तेथें आरमाराच्या आवारांत जुना बॉम्बे कॅसल आहे. वाटेल त्यास आंत सोडीत नाहींत. या जागीं सोळाव्या शतकांत एका वैद्याचा वाडा होता. १६६५ सालीं पोर्तुगीजांनीं मुंबई इंग्रजांच्या हवालीं केली ती याच वाड्यांत. त्या वैद्याचें नांव गार्सिया द ओर्ता, आणि त्याच्या विद्येचें गांव स्पेनमधील सालामांका. स्पेनला जाणाऱ्या मुंबईकरानें तें गांव पाहावें तें या नात्यानें.

तोर्मेस नदीवरील रोमन पुलावरून गांवाकडे पाहिलें म्हणजे सारी वस्ती पिवळसर सोन्याची दिसते. जवळच्या खाणींतला हा वाळूचा दगड प्रथम मऊ असतो आणि उन्हावाऱ्यानें सोनेरी होतो. येथील विद्यापीठ लेओनचा राजा नववा आल्फोन्सो यानें १२१८ सालीं स्थापिलें. त्याच्या दर्शनी भिंतीवरील नक्षींत एका कवटीवर बेडूक कोरलेला आहे. पुष्कळ प्रवासी तोच शोधीत ताटकळतात. ओर्ता येथें शिकला तेव्हां तर ती भिंत पुरी झालेलीही नव्हती! खरें पाहण्याजोगें आहे तें आंत. फ्राय लुईस द लेओन याच्या वर्गांतील ओबडधोबड लांकडी बांकें अजून तशींच ठेविलीं आहेत. बायबलांतील ‘गीतरत्न’ लोकभाषेंत उतरविल्याचा एक आरोप ठेवून या अध्यापकास इन्क्विझिशननें १५७२ पासून १५७६ पर्यंत कैदेंत टाकिलें होतें.

ओर्ताची कथा याहून दारुण. त्याचे आईबाप स्पेनचे यहुदी. १४९२ च्या हद्दपारीनें ते पोर्तुगालांत गेले आणि १४९७ सालीं तेथेंही बळेंच ख्रिस्ती झाले. ज्या देशानें बापास हांकलिलें त्याच देशांत मुलगा विद्या शिकला! १५३४ सालीं तो गोव्यास आला. पुढें मुंबईचें बेट त्यानें खंडानें घेतलें. एतद्देशीय वैद्यांना विचारून, औषधी स्वतः पारखून त्यानें संवादरूप ग्रंथ लिहिला, तो १५६३ सालीं गोव्यांत छापला गेला. गेलेनसारख्या यवनाचार्यांचें म्हणणें डोळ्यांना पटलें नाहीं तर तो तसें सरळ लिहितो. मुंबईंतील आपल्या दुबार फळणाऱ्या आंब्याचेंही त्यांत कौतुक आहे.

१५६८ सालीं तो वारला. पुढच्याच वर्षीं त्याची बहीण कातारिना हिला गोव्यांत जाळण्यांत आलें, आणि १५८० सालीं त्याचीं स्वतःचीं हाडें उकरून जाळलीं. ग्रंथाचा क्लुसियसनें केलेला लॅटिन संक्षेप मात्र १५६७ सालींच अँटवर्पला छापून झाला होता.